लाईव्ह, चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमधून

इमाद बागवान रोज सकाळी सात ते अकरा अख्ख्या पुण्याशी गप्पा मारायचा, आणि त्यातला बराचसा वेळ तो घरी पांघरुणात असायचा.

यात जादू काही नव्हती. 'रेडिओ गलका' या एफएम स्टेशनचं ब्रीदवाक्य होतं 'ऐकावंच लागेल', आणि स्टेशनात एक सॉफ्टवेअर होतं. इमाद आदल्या दिवशी दुपारी बंद खोलीत बसून उद्याचं बोलून ठेवायचा. "गुड मॉर्निंग पुणे! सात वाजून चार मिनिटं झालीत, मी स्टुडिओच्या खिडकीतून बघतोय, काय लख्ख ऊन पडलंय!" हे तो दुपारी साडेतीनला, खिडकी नसलेल्या खोलीत, अर्धा वडापाव कीबोर्डवर ठेवून म्हणायचा. सॉफ्टवेअर ते दुसऱ्या दिवशी बरोब्बर सात-चारला वाजवायचं. त्यानंतर तोच इमाद घसा खरवडून नाशिककरांसाठी 'नाना' व्हायचा आणि कोल्हापूरकरांसाठी 'पैलवान'. तीन शहरं, एक घसा, एक पगार.

ट्रॅफिकचं काय, असं तुम्ही विचाराल. ट्रॅफिकसाठी एक वाक्य ठरलेलं होतं : "स्वारगेटला थोडी गर्दी आहे, पण वाहनं हळूहळू पुढे सरकतायत." दोन वर्षांत हे वाक्य एकदाही चुकलं नव्हतं.

लोकांचे फोन यायचे त्याचीही सोय होती. कार्यक्रमात बोलणारी 'कोथरूडची अवनी' ही अकाउंट्समधली रुपाली होती. खऱ्या लोकांचे फोन स्टुडिओत वाजायचे, पण तिथे उचलायला कुणी नसायचं. म्हणून स्टुडिओचा नंबर इमादच्या मोबाईलवर वळवून ठेवला होता. तो उचलायचा नाही, नुसता थरथरू द्यायचा. महिनाअखेरीला न उचललेल्या फोनचा आकडा काढून प्रोग्रॅमिंग हेड अस्मिता तो जाहिरातदारांना 'प्रचंड प्रतिसाद' म्हणून दाखवायची.

"लिसन इमाद," अस्मिता सांगायची, "लाईव्ह ही फॅक्ट नाहीये. लाईव्ह ही फीलिंग आहे." आणि ही फीलिंग टिकावी म्हणून करारात एक कलम होतं. शो रेकॉर्डेड आहे हे ज्याच्या तोंडून बाहेर जाईल, त्याला त्याच दिवशी नारळ.

नारळ मिळाला तर इमादला कुठं जायचं हेही ठरलेलं होतं. त्याचे अब्बा, अमीनशेठ बागवान, यांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा. घरात आजोबांपासून सगळे पहाटे साडेतीनला उठून डाळिंबांच्या क्रेटमागे उभे राहणारे. इमाद तिथून जीव घेऊन पळाला होता. अब्बा रोज संध्याकाळी न चुकता विचारायचे, "काय रेडिओवाले, सुटलं का काम? नाही, तुमची जागा झाडून ठेवलीये म्हणून विचारलं."

तर त्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दहाला इमाद स्वारगेटजवळच्या त्या सहा मजली इमारतीत शिरला. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. शो ऑन एअर असताना खाली दिसायचं नाही हा नियम. खरं तर मास्कची गरज नव्हती. होर्डिंगवर त्याचा फोटो होता, पण फोटो गोरा करणाऱ्यानं तो इतका गोरा केला होता की त्याच्या आईनंही "हा कोण?" विचारलं होतं.

वॉचमन राकेश चहाला गेला होता. लिफ्टमध्ये आधीच दोन माणसं होती. एक आजी, नऊवारीत नाही, चांगल्या पंजाबी ड्रेसमध्ये आणि स्पोर्ट्स शूजमध्ये, खांद्याला कापडी पिशवी. दुसरे एक स्थूल गृहस्थ, सफारी सूट, हातात फाईल. फाईलवर लिहिलं होतं 'अखंड पॉवर'.

इमादनं टोपी डोळ्यांवर ओढली. हे सुखदेव बोरकुटे. चंद्रपूरकडून येऊन पुण्यात इन्व्हर्टरचा धंदा जमवलेले. इमादच्या शोचे मुख्य प्रायोजक. अकरा वाजता ते वर्षभराच्या करारावर सही करायला येणार होते, त्याआधी इमादनं वर स्टुडिओत पोचायचं होतं, आणि त्यांनी एकच अट घातली होती : शो लाईव्ह पाहिजे. "मले मशीन नाही, जिताजागता माणूस पायजे," असं ते अस्मिताला तीनदा म्हणाले होते. पण अकराची वेळ दिलेला माणूस दहा वाजता येतो, हे पुण्यात कुणाच्या हिशोबात नव्हतं.

इमाद उतरायला वळला. दार बंद झालं होतं.

लिफ्ट पहिला, दुसरा, तिसरा मजला चढली. चौथा मजला खाली गेला. मग खट् असा आवाज झाला, दिवा गेला, पंखा गेला आणि लिफ्ट एक हिसका देऊन थांबली.

"गेली लाईट," आजी म्हणाल्या. त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली. उजेड नेमका समोरच्या स्टिकरवर पडला. आजींनी मोठ्यानं वाचलं, "'वीज गेली तरी आपण थांबणार नाही. या लिफ्टचं बॅकअप : अखंड पॉवर.' वा. अक्षर छान आहे."

हे बॅकअप बोरकुट्यांनी जाहिरातींच्या बदल्यात फुकट बसवून दिलं होतं. बोरकुटे स्टिकरकडे बघेनात. त्यांनी हळूच फाईल उलटी धरली.

"कोण हो हा अखंड?" आजींनी विचारलं. "एकदा भेटायला पाहिजे."

"असंल कोणी," बोरकुटे म्हणाले. "मले काय मालूम."

"आणि तुम्ही कितव्या मजल्याला?" आजींनी बॅटरी इमादच्या तोंडावर मारली.

इमादनं तोंड उघडलं. त्याच क्षणी आजींच्या पिशवीतून आवाज आला : "गुड मॉर्निंग पुणे! दहा वाजून बारा मिनिटं! तुमचा इमाद, थेट स्टुडिओतून, एकदम लाईव्ह!"

इमादनं तोंड मिटलं आणि सहा बोटं दाखवली.

आजींनी पिशवीतून छोटा ट्रान्झिस्टर काढला. "मी कुठं जाताना हा घेऊनच जाते. हा मुलगा बोलत असतो, सोबत होते. तुम्ही बोलत नाही का?"

इमादनं मान हलवली.

"म्हणजे बोलायचं नाही की बोलता येत नाही?"

इमादनं घशाकडे बोट दाखवलं.

"अरेरे," आजी म्हणाल्या. पण त्या अरेरेत दया कमी आणि नोंद जास्त होती. "मी यमुनाबाई आगाशे. नारायण पेठ. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते. या रेडिओवाल्यांकडे मला सँडविच मेकर लागलाय. बक्षीस. तीन महिने झाले. आज चौथी खेप. पहिल्यांदा म्हणाले ओळखपत्राची झेरॉक्स आणा, मग म्हणाले रंगीत आणा, मग म्हणाले ओळखपत्रातल्या बाई हसत नाहीयेत."

"काऊन बंद पडली असंल बापा," बोरकुटे कॉलर सैल करत म्हणाले. "हवा कमी होऊन राहिली का?"

"हवा भरपूर आहे. तुम्ही घ्या की."

वरच्या बाजूला बोटभर फट होती. तिथं दोन बूट दिसायला लागले आणि राकेशचा आवाज आला. "कोण कोण आहे आत?"

"एक मी, एक जाडे आणि एक मुके," यमुनाबाईंनी ओरडून सांगितलं.

"मेकॅनिकला फोन केलाय, आजी. निघालाय. स्वारगेटच्या चौकात अडकलाय."

ट्रान्झिस्टरमधून इमाद म्हणाला, "स्वारगेटला थोडी गर्दी आहे, पण वाहनं हळूहळू पुढे सरकतायत."

"येईल मग," यमुनाबाई म्हणाल्या.

पण तेवढ्यात रेडिओला खरखर सुरू झाली. यमुनाबाईंनी तो इकडे फिरवला, तिकडे फिरवला. वरच्या फटीकडे नेला की आवाज स्वच्छ, खाली आणला की खरखर. त्यांनी इमादच्या उंचीचा अंदाज घेतला.

"अहो मुके, धरा बरं जरा. बोलत नाही, निदान उपयोगी तरी पडा."

आणि अशा प्रकारे आर.जे. इमाद, चवड्यांवर उभा राहून, हात ताणून, स्वतःचंच खोटं पुणेकरांना स्वच्छ ऐकू यावं म्हणून अँटेना झाला. त्याचा हात जरा खाली आला की बोरकुटे विव्हळायचे. "नका ना हलवू भाऊ. थो पोट्टा बोलून राहिला तर मले बरं वाटते. काय आहे, मले बंद जागेचं लहानपणापासून भ्या आहे. आमच्या गावात लिफ्ट नव्हती, पण कणगी होती. धान्य ठेवायची. त्यात लपलो होतो एकदा. बाहेरून झाकण लावलं कोणीतरी."

"किती वेळ?" यमुनाबाईंनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत."

यमुनाबाईंनी ओढणीच्या टोकानं त्यांना वारा घालायला सुरुवात केली.

इमादला घाम फुटला होता. मास्कच्या आत खोकला येत होता आणि तो खोकूही शकत नव्हता. आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाचा खोकलाही ओळखीचा असतो. एक तास, तो मनात म्हणाला, फार तर एक तास. मेकॅनिक येईल, मी शेवटी उतरेन, जिन्यानं खाली जाईन, हे सही करतील. डाळिंबांचे क्रेट त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

रेडिओवर जाहिरात लागली. दणदणीत ढोल आणि मग एक ओळखीचा आवाज : "लाईट गेली? जाऊ द्या की! मी सुखदेव बोरकुटे सांगतो, अखंड पॉवर घ्या आन् बिनघोर राहा!"



यमुनाबाईंनी बॅटरी हळूहळू बोरकुट्यांकडे फिरवली. "एक्स्चेंजला असताना मी नुसत्या हॅलोवरून सांगायचे, कोण बोलतंय आणि घरात भांडण झालंय की नाही."

"काकू," बोरकुटे म्हणाले, "मले श्वास घेता येऊन नाही राहिला. नंतर बोला."

त्यांचा चेहरा खरोखरच पांढरा पडला होता. यमुनाबाईंनी मोबाईल पाहिला. रेंज नाही. मग त्या म्हणाल्या, "थांबा. हा इमाद दोनच मजले वर बसलाय. त्याला सांगते. तो रेडिओवर ओरडला तर अख्खं पुणे येईल. आणि नाही आलं तरी तो स्वतः चार पायऱ्या उतरून येईल की. अहो मुके, हा फोन त्या कोपऱ्यात उंच धरा, तिथं रेंजची एक दांडी दिसतेय."

आता इमादचे दोन्ही हात वर होते. एका हातात ट्रान्झिस्टर, दुसऱ्यात यमुनाबाईंचा फोन, स्पीकरवर. पोलिसांनी पकडल्यासारखा तो कोपऱ्यात उभा राहिला. फोनमध्ये रिंग वाजली.

इमादच्या शर्टाच्या खिशात घुर्रर्र झालं.

त्या कोपऱ्यात त्याच्याही मोबाईलला रेंज मिळाली होती. हात वर असल्यामुळे त्याला काही करता येईना. तो छातीनं भिंतीला चिकटला, म्हणजे आवाज दबेल. दबला नाही. लिफ्टची पत्र्याची भिंत डब्यासारखी वाजायला लागली.

"उचलत नाही," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी फोन कापला. घुरघुर थांबली.

रेडिओवर इमाद ओरडला, "चला, सगळ्या लाईन मोकळ्या आहेत! करा फोन! मी उचलतोच!"

यमुनाबाईंनी पुन्हा लावला. घुर्रर्र. कापला. थांबली. त्यांनी मान तिरकी केली. तिसऱ्यांदा लावला, लगेच कापला. घुर्र. चौथ्यांदा लावला, जरा वेळ ठेवला आणि कापला. घुर्रर्रर्र. चौतीस वर्षांची नोकरी अशी फुकट जात नाही.

"अरे वा, फोन आलाच!" रेडिओवरचा इमाद म्हणाला. "हॅलो, कोण बोलतंय?"

"हाय इमाद, मी कोथरूडहून अवनी, मी तुझी ना, खूप मोठी फॅन आहे!"

यमुनाबाई इमादकडे बघत होत्या. इमाद त्यांच्याकडे बघत होता.

"माझा सोडून तिचा घेतला," त्या शांतपणे म्हणाल्या. "काय म्हणावं याला, मुके?"

इमादनं डोळ्यांनी विनवलं. कधी कुणाला इतकं विनवलं नव्हतं. यमुनाबाईंनी बोरकुट्यांकडे बघितलं, त्यांच्या पायाशी पडलेल्या कराराच्या फाईलकडे बघितलं, आणि मोबाईल आपल्या हातात परत घेतला.

"लागत नाही फोन," त्या म्हणाल्या. "वाट बघू."

आणि मग रेडिओच बंद पडला. आधी आवाज घोगरा झाला, इमादचा कोल्हापूरचा पैलवान झाला, मग पुटपुटला आणि गप्प. सेल संपले. पाठोपाठ यमुनाबाईंच्या मोबाईलची बॅटरीही विझली, कारण तो फोनही सकाळपासून त्यांच्यासारखाच वणवण करत होता. इमादनं अंधारात आपला फोन काढला. राकेशला मेसेज टाकावा, अस्मिताला टाकावा. एक टक्का चार्ज होता. चार वेळा थरथरून तोही दमला होता. स्क्रीन एकदा उजळून काळी झाली.

अंधार मिट्ट झाला. वरच्या फटीत राकेशचे बूटही नव्हते.

"सेल काढून हातावर चोळते," यमुनाबाईंचा आवाज आला. "कधी कधी पाच मिनिटं चालतात."

"काकू," बोरकुटे म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "काकू, झाकण लावलं. झाकण लावलं कोणीतरी."

"कुणी लावलं नाही. मोठा श्वास घ्या."

"नाही येऊन राहिला." मग ते बोलेनासेच झाले. नुसती धाप ऐकू यायला लागली, एकावर एक, तुटक. ते खाली बसले, फाईल त्यांच्याखाली चुरगळली.

इमाद उभा होता. तोंड उघडलं तर संपलं. नोकरी, माइक, सकाळची झोप. दोन वर्षं त्याला पुणे ऐकत होतं आणि त्याला एकही माणूस कधी दिसला नव्हता. आता एक माणूस त्याच्या पायाशी धापा टाकत होता, आणि तो नेमका तोच होता ज्याच्यासमोर बोलायचं नव्हतं. बाकी दुसरं कुणीही चाललं असतं.

"बोला की आता," यमुनाबाई अंधारात हळूच म्हणाल्या. "का मी मरेन तोवर मुकेच राहणार?"

इमादनं मास्क हनुवटीखाली ओढला.

"नमस्कार पुणे," तो म्हणाला. आवाज चिरकला. "म्हणजे, नमस्कार. आत्ता किती वाजलेत, मला माहीत नाही."

ही गोष्ट त्यानं दोन वर्षांत पहिल्यांदाच खरी सांगितली होती.

धाप थांबली. "आला!" बोरकुटे ओरडले. "काकू, लागला रेडिओ! पोट्टा आला!"

"लागला," यमुनाबाई म्हणाल्या.

"आता एक ट्रॅफिक अपडेट," इमाद म्हणाला. "स्वारगेटजवळच्या एका लिफ्टमध्ये वाहतूक पूर्ण ठप्प आहे. वाहनं हळूहळू... नाही. वाहनं अजिबात पुढे सरकत नाहीयेत."

"त्याले समजलं!" बोरकुटे म्हणाले. "काकू, तुमचा फोन पोचला! भाऊ, अँटेना हलवू नका बरं, तुमाले हात जोडतो!"

"नाही हलवत ते," यमुनाबाई म्हणाल्या.

इमाद बोलत सुटला. पण काय बोलावं? कागद नाही, ठरलेली वाक्यं नाहीत, पुढचं गाणं नाही. त्यानं हवामान सांगितलं : दमट, वाऱ्याची शक्यता नाही. त्यानं मार्केट यार्डात डाळिंबं कशी निवडतात ते सांगितलं, वाजवून बघायचं नसतं, वजन बघायचं असतं. अब्बा हातात घेऊन डोळे मिटतात ते सांगितलं. हे त्याला इतकं माहीत आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. मग सांगण्यासारखं संपलं.

"गाणं लावा ना एखादं," बोरकुटे अंधारात म्हणाले. इमाद थोडा वेळ ला ला ला म्हणाला. "नवीन दिसते," बोरकुटे म्हणाले. "चाल बेकार आहे."

"हॅलो," यमुनाबाई मध्येच म्हणाल्या. "मी नारायण पेठेतून यमुनाबाई आगाशे बोलतेय."

"काकू, फोन लागला तुमचा?"

"लागला. तुम्ही गप्प बसा. हां इमाद, माझ्या सँडविच मेकरचं काय झालं?"

इमाद गडबडला. "काकू, तुमचं बक्षीस, लवकरच..."

"लवकरच हा शब्द मी चौतीस वर्षं लोकांना ऐकवलाय. तारीख सांगा."

"सोमवारी."

"सगळं पुणे ऐकतंय."

"सोमवारी नक्की, काकू."

"मले बी बोलायचं आहे," बोरकुटे म्हणाले. "काकू, द्या ना मले फोन." यमुनाबाईंनी अंधारात चाचपडून बंद पडलेला मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. "हॅलो? मी सुखदेव बोलतो."

"बोला सुखदेवभाऊ," इमाद म्हणाला. "कसं वाटतंय?"

बोरकुट्यांनी घसा साफ केला.

"पुणेकरहो," बोरकुटे म्हणाले, "थे लिफ्टचं बॅकअप माझंच आहे. नवी बॅटरी द्यायची होती. जुनी रंगवून बसवली. फुकटात द्यायची होती ना, म्हणून. मले वाटलं, लिफ्टमध्ये कोण बसून राहते." ते थांबले. "हे माझ्या बायकोलेबी नाही सांगितलं. आता सगळ्या पुण्याले सांगितलं. जाऊ द्या."

"आता कसं वाटतंय, भाऊ?"

"मोकळं," बोरकुटे म्हणाले. आणि त्यांनी श्वास घेतला, लांब, खोल, फुकट मिळालेल्या वस्तूसारखा.

त्यानंतर तिघांनी किती वेळ कार्यक्रम केला कुणास ठाऊक. यमुनाबाईंनी आणखी दोनदा फोन केला, एकदा कोथरूडची अवनी म्हणून. आवाज हुबेहूब काढला. बोरकुट्यांनी गावाकडच्या झाडीपट्टीतल्या नाटकातला एक प्रवेश म्हणून दाखवला, सगळी पात्रं स्वतःच. इमाद हसत होता. तो हसतोय हे लक्षात आल्यावर त्याला भीती वाटली, पण थांबता येईना.

"आणि आता," तो म्हणाला, "आपल्या लाडक्या प्रायोजकांसाठी..."

लाईट आली.

पंखा गरगरला. बोरकुटे फाईलवर बसले होते, कानाला काळा मोबाईल. समोर यमुनाबाई, ओढणीत ट्रान्झिस्टरचे दोन सेल, त्यातला एक अजून त्या चोळत होत्या. ट्रान्झिस्टर उघडा आणि रिकामा. आणि कोपऱ्यात एक मुका माणूस, मास्क हनुवटीखाली, तोंड उघडं, वाक्य अर्धवट.



"रेडिओत सेल नाहीत," बोरकुटे म्हणाले.

"नाहीत," यमुनाबाई म्हणाल्या.

बोरकुट्यांनी इमादला टोपीपासून बुटांपर्यंत बघितलं. "म्हणजे पुण्यानं काही ऐकलं नाही."

"नाही. आम्ही दोघांनीच."

"अरेरे," बोरकुटे म्हणाले, आणि ते खरंच जरा नाराज दिसले. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी सरकलं. त्यांनी छताकडे बोट केलं. "मंग वर कोण बोलून राहिलं?"

इमादला अजूनही खोटं बोलता आलं असतं. जुळा भाऊ आहे म्हणता आलं असतं. पण इतका वेळ न लिहिलेलं बोलल्यामुळे जिभेला वाईट सवय लागली होती.

"वर कुणी नाही, भाऊ," तो म्हणाला. "वर कालचा मी आहे. दुपारी साडेतीनचा."

लिफ्ट हलली.

सहाव्या मजल्यावर अस्मिता पुष्पगुच्छ घेऊन उभी होती. दार उघडलं, बोरकुटे दिसले, ती हसली. मागे इमाद दिसला, ती हसायची थांबली. तिच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून इमाद सांगत होता, "दहा वाजून चोपन्न मिनिटं, मी अजून इथेच आहे, तुमच्यासोबत, स्टुडिओत!"

"आय कॅन एक्स्प्लेन," अस्मिता म्हणाली.

"काही गरज नाही," बोरकुटे म्हणाले. ते तिच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि चुरगळलेला करार टेबलावर ठेवून हातानं सपाट करायला लागले. इमाद दाराशी उभा राहिला. नारळ आता कोणत्या क्षणी पडतोय याची वाट बघत.

"हा वरचा पोट्टा मले नको," बोरकुटे स्पीकरकडे बोट दाखवून म्हणाले. "हा बोलते, पण ऐकत नाही. मले लिफ्टातला पायजे."

"सर?"

"लिफ्टातला. अंधारातला. मी लाख लोकांसमोर बोललो असं वाटलं मले. असं कोणाले वाटलं तर थो माझं इन्व्हर्टर घेईल का नाही?"

अस्मितानं दोन सेकंद विचार केला. प्रोग्रॅमिंग हेडला एवढाच वेळ मिळतो. मग तिचे डोळे चमकले. "सर. ओ माय गॉड, सर. रोज सकाळी, लिफ्टमध्ये बंद! चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये! आर.जे. आणि तीन श्रोते! नाव ठेवू 'अडकलोय!' उद्गारचिन्हासकट!"

"आणि मी?" इमादनं विचारलं. "म्हणजे, मला काढणार नाही?"

"काढणार?" अस्मिता म्हणाली. "तुला आता कुणी काढूच शकत नाही."

करार अर्ध्या तासात तयार झाला. सोमवार ते शनिवार, सात ते अकरा. आवाज आदल्या दिवशी भरून ठेवता येणार नाही. प्रायोजकाच्या संमतीशिवाय लिफ्ट मध्येच उघडता येणार नाही. नवी बॅटरी बसवायची, पण जोडायची नाही. इमादनं शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "दार आतून उघडायची सोय?"

"मग लाईव्ह कसलं?" अस्मिता म्हणाली.

रविवारी अब्बांना कळलं. ते बोटांवर तास मोजत म्हणाले, "म्हणजे रोज सहाला घराबाहेर. आणि चार तास उभं. गाळ्यावर निदान बसायला तरी मिळतं."

शहरात मात्र कार्यक्रम सुरू होण्याआधीच गाजला. लिफ्टमध्ये अडकायला मिळावं म्हणून दोन महिन्यांची यादी लागली. इमारतीतल्या दाताच्या डॉक्टरांनी तक्रार केली की पेशंट आता पाचव्या मजल्यापर्यंत जिन्यानं येतील आणि मग तोंड उघडायची ताकद उरणार नाही. गुरुवारी एकाच वेळी इमाद स्टुडिओतही होता आणि लिफ्टमध्येही, याबद्दल एकाही श्रोत्यानं काही विचारलं नाही. फक्त एक पत्र आलं, सदाशिव पेठेतून : गुरुवारी सांगितलेली वेळ दीड मिनिट पुढे होती.

सोमवारी सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना इमाद लिफ्टमध्ये उभा होता. कॉलरला माइक, छताला छोटा लाल दिवा. आत तीन श्रोते : एक कॉलेजची मुलगी, जी आधीच नखं खात होती, एक निवृत्त बँक मॅनेजर आणि घडीची खुर्ची टाकून बसलेल्या यमुनाबाई. त्यांनी मांडीवर सँडविच मेकरचा खोका घेतला होता आणि हमीपत्रावर तारीख आहे का ते तपासत होत्या.

"आजी, तुम्ही रोज येणार?" राकेशनं दाराबाहेरून विचारलं.

"बक्षीस मिळालंय, बाकी काम काय आहे मला?"

राकेशनं दाराला हात घातला. "इमादभाई, लावू?"

इमादनं एकदा बाहेर बघितलं. पॅसेजमधल्या खिडकीतून ऊन येत होतं आणि ते खरंच लख्ख होतं. त्यानं चेहरा वर करून ते घेतलं, जेवढं घेता येईल तेवढं.

"थांब जरा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"काही नाही. करार वर्षाचा आहे ना?"

"वर्षाचाच."

"लाव मग," इमाद म्हणाला.